पाण्यावरची हिरवळ आणि परसांतील कोंबडी



पुणें शहराच्या पूर्वेस, हडपसरच्या पलीकडे, मुळा-मुठेच्या कांठीं आमचें मांजरी गांव आहे. २०२१ सालीं मांजरी बुद्रुक पुणें महानगरपालिकेंत गेलें, आणि ऊंस व भाजीपाला पिकविणाऱ्या या गांवांत आतां उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरी जुन्या घरांच्या परसांत अजून कोंबड्यांचीं खुराडीं आहेत, आणि पहांटे कोंबडा आरवतो तो इमारतींतील मंडळींनाहि ऐकूं जातो.

हिंवाळा सरूं लागला कीं आमच्या नदीच्या पात्रावर जलपर्णीचा असा दाट थर पसरतो कीं नवख्या माणसाला तें कुरणच वाटावें. गेल्या वर्षीं अशाच दिवसांत आमच्या शेजारच्या वहिनी माझ्याकडे आल्या. त्यांच्या परसांत वीस कोंबड्या आहेत आणि अंड्यांच्या पैशांतून मुलीच्या कॉलेजचा खर्च भागतो. कुक्कुटपालनांत शंभर रुपये खर्च झाले तर त्यांतले साठ-सत्तर रुपये केवळ खाद्यावर जातात, आणि खाद्याच्या पोत्याची किंमत तर सारखी चढतच असते. वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, एवढं हिरवं फुकट वाहून जातंय. तें कोंबड्यांना घातलं तर काय बिघडलं?" त्यांच्या मुलानें एक पोतें भरून जलपर्णी आणूनहि ठेविली होती.

मी पशुवैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि जन्मभर मुलांना गणित शिकविलेला एक मास्तर आहें. परंतु हा प्रश्न अर्धा गणिताचा आणि अर्धा विवेकाचा असल्यामुळें मीं त्याचा माझ्या परीनें अभ्यास केला. त्यांतून हातीं आलें तें आज आपल्यापुढें मांडीत आहें.

पाण्यावर तरंगणारें सर्व हिरवें एकाच जातीचें नसतें, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. आपल्याला येथें तीन वनस्पतींचा विचार करावयाचा आहे.

पहिली जलपर्णी. ही मूळची दक्षिण अमेरिकेंतली. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहानें लोकांनीं ती देशोदेशीं नेली. बंगालांत तिनें नद्या आणि भातशेतें इतकीं व्यापलीं कीं १९३६ सालीं तिच्या निर्मूलनासाठीं तेथें स्वतंत्र कायदा करावा लागला. तिच्या अंगांत शंभर भागांत सुमारें पंचाण्णव भाग पाणीच असतें. उरलेल्यांत चोथा पुष्कळ, आणि शिवाय घशाला खाजविणारे चुन्याच्या क्षाराचे सूक्ष्म स्फटिक असतात. गाय रवंथ करून चोथा पचविते. कोंबडीला ती सोय नाहीं.

परंतु यापेक्षांहि मोठी अडचण निराळीच आहे. जलपर्णीच्या झुपकेदार मुळ्या पाण्यांतील शिसें, कॅडमियम यांसारखे विषारी धातु शोषून घेतात. सांडपाणी शुद्ध करण्यासाठीं कित्येक ठिकाणीं ही वनस्पति मुद्दाम वापरतात, ती याच गुणामुळें. आमच्या मांजरीपर्यंत नदी येते ती पुणें आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांचें सांडपाणी बरोबर घेऊन. २०२४ च्या फेब्रुवारींत केशवनगर-खराडीच्या बाजूस नदीवर डासांसारख्या कीटकांचे लोट वावटळीप्रमाणें उठले होते, तें आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. अशा पाण्यांत वाढलेली जलपर्णी म्हणजे नदीचा केरसुणा आहे. ज्या केरसुणीनें घर झाडावें ती कोणी ताटांत वाढीत नाहीं. कोंबडीनें खाल्लेलें विष कोंबडीपाशींच थांबत नाहीं. त्याचा कांहीं अंश मांसांत व अंड्यांत उतरूं शकतो, आणि तें अंडें आपण घरांतल्या लहान मुलाला अथवा बाळंतिणीला मोठ्या विश्वासानें देतों.

दुसरी वनस्पति मसुरीच्या डाळीएवढ्या पानांची. इंग्रजींत तिला डकवीड, म्हणजे बदकांचें तण, असें म्हणतात. बांगला देशांत मिर्झापूर येथें सांडपाण्याच्या तळ्यांत ही वाढवून माशांना घालण्याचा मोठा प्रयोग झाला. खतावलेल्या पाण्यांत तिच्यांत प्रथिनें भरपूर येतात. परंतु जलपर्णीप्रमाणेंच हीहि पाण्यांतील धातु शोषून घेते, म्हणून हिची किंमत ती कोणत्या पाण्यांत वाढली यावर ठरते.

तिसरी अझोला. हें एक लहानसें नेचें आहे. याच्या पानांच्या पोकळींत एक निळें-हिरवें शैवाल वस्तीला असतें. तें हवेंतील नत्र घेऊन अझोलाला देतें आणि अझोला त्याला आसरा देतो. चीनच्या सहाव्या शतकांतील एका कृषिग्रंथांत अझोलाचा उल्लेख आहे. चीन व व्हिएतनाम येथील शेतकरी भाताच्या खाचरांत खत म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या वाढवीत आले. आपल्या देशांत जनावरांचें व कोंबड्यांचें पूरक खाद्य म्हणून त्याचा प्रसार करण्यांत कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राच्या प्रकल्पानें मोठें काम केलें आहे.

आतां गणिताकडे वळूं. वाळलेल्या अझोलांत शंभर भागांत वीस ते पंचवीस भाग प्रथिनें असतात. ही गोष्ट खरी आहे, आणि रोपें विकणारे ती मोठ्या अक्षरांत छापतात. परंतु आपण कोंबडीपुढें टाकतों तो ओला अझोला. शंभर ग्रॅम ओल्या अझोलांतील पाणी काढलें तर सुमारें सहा ग्रॅम वाळलेला ऐवज उरतो. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे दीड ग्रॅम, प्रथिनें. अंड्यावरची कोंबडी दिवसाला सुमारें एकशें दहा ग्रॅम खाद्य खाते. त्यांत सोळा टक्के प्रथिनें धरलीं तर तिची रोजची गरज साडेसतरा ग्रॅमांची झाली. एवढीं प्रथिनें निव्वळ ओल्या अझोलांतून मिळवावयाचीं तर तिला रोज जवळजवळ बाराशें ग्रॅम अझोला खावा लागेल. कोंबडीचें स्वतःचें वजन दीड-दोन किलो! तिच्या गळ्यांतील पिशवींत तो मावणार कसा?

हें गणित मी आज आपल्याला ऐटीनें सांगत आहें खरा, परंतु चार वर्षांपूर्वीं मला तें सुचलें नव्हतें. निवृत्तीनंतर मीं बारा कोंबड्या आणल्या आणि त्यांच्याबरोबर अझोलाचें बीजहि आणलें. सोबतच्या कागदावर छापलें होतें कीं, यामुळें निम्मे खाद्य वांचतें. मीं त्यावर विश्वास ठेवून दाणा निम्मा केला. कोंबड्या हिरवें आवडीनें खात, त्यामुळें मला वाटे कीं सर्व सुरळीत चाललें आहे. पंधरा दिवसांत विष्ठा पातळ झाली. रोज आठ अंडीं मिळत तीं तिनांवर आलीं, आणि त्यांतल्या एकाचें कवच बोटानें दबत होतें. आमच्या घरांतील मंडळींनीं एवढेंच विचारलें, "शाळेंतल्या मुलांनाहि असंच अर्ध्या पोटीं शिकवीत होता काय?" शेवटीं पशुवैद्यांना बोलाविलें. त्यांनीं कोंबड्या हातांत घेऊन पाहिल्या, छातीचें हाड चांचपलें आणि म्हणाले, "गुरुजी, यांना रोग नाहीं. या उपाशी आहेत." भरल्या पोटानें उपाशी! दाणा पूर्ववत् केला, शिंपल्यांचा चुरा ठेविला, तेव्हां तीनेक आठवड्यांनीं अंडीं पूर्वपदावर आलीं. त्या मुक्या जीवांचा मी आजहि अपराधी आहें.

तर मग अझोला टाकाऊ आहे काय? मुळींच नाहीं. त्याला पोळी न समजतां कोशिंबीर समजावें. त्यांत जीवनसत्त्व अ तयार करणारीं पिवळीं-नारिंगी द्रव्यें असतात. त्यांनीं अंड्याचा बलक गडद होतो. बंद खुराड्यांतील कोंबडीला हिरवा चारा मिळतो आणि तिचें मन रमतें. मोठ्या कोंबडीला रोज मूठभर, म्हणजे वीस-तीस ग्रॅम ओला अझोला द्यावा. वाळवून मिसळावयाचा असेल तर शंभर भाग खाद्यांत पांच भागांच्या वर जाऊं नये. दाणा मात्र आपल्या मापानेंच ठेवावा.

तो घरीं वाढविणें सोपें आहे. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि वीतभर खोल खड्डा घेऊन त्यांत जाड प्लास्टिक अंथरावें. त्यावर दहा-पंधरा किलो चाळलेली माती पसरावी. दोन किलो शेण व तीस ग्रॅम सुपर फॉस्फेट पाण्यांत कालवून घालावें आणि पाण्याची उंची चार बोटें ठेवावी. त्यांत अर्धा ते एक किलो ताजा अझोला सोडावा. दहा-पंधरा दिवसांनीं रोज अर्धा किलोच्या आसपास अझोला निघूं लागतो. दर पांच दिवसांनीं थोडें शेण व फॉस्फेट, आणि दर दहा दिवसांनीं चौथा हिस्सा पाणी बदलणें, एवढी देखरेख पुरते. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हांत तो करपतो, म्हणून वर सावलीची जाळी हवीच. पाणी नळाचें किंवा विहिरीचें घ्यावें, नदीचें कधींहि घेऊं नये. काढलेला अझोला चाळणींत घेऊन शेणाचा वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्यानें धुवावा.

ती जाळी आणखी एका कारणासाठीं हवी. आमच्या नदीवर हळदीकुंकू बदकें असतात, आणि थंडींत चक्रवाकहि येतात. पाहावयास फार सुंदर! परंतु रानबदकांच्या विष्ठेंतून बर्ड फ्लूचे विषाणु पाण्यांत उतरूं शकतात. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें ही सांथ भारतांत प्रथम आढळली, तेव्हां लाखों कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अनेक कुटुंबांचा धंदा चार दिवसांत बसला. म्हणून जेथें रानपक्षी उतरतात तेथील पान आपल्या खुराड्यांत येतां कामा नये.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगतों. अझोलानें रोगप्रतिकारशक्ति येते, मग लस कशाला, असें म्हणणारे लोक भेटतात. त्यांचें ऐकूं नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग खुराड्यांत शिरला कीं बहुतेक कोंबड्या घेऊनच जातो. त्यावर औषध नाहीं, फक्त लस आहे. पिलांना पहिल्या आठवड्यांत लासोटा लस द्यावी आणि पुढील लसी पशुवैद्यांच्या सल्ल्यानें वेळेवर टोंचून घ्याव्या. लसीची जागा कोणतेंहि पान घेऊं शकत नाहीं.

वहिनींना मीं हें सारें गणित पाटीवर मांडून दाखविलें. त्या क्षणभर गप्प राहिल्या. खर्च निम्म्यावर येईल या आशेनें त्या आल्या होत्या, आणि माझ्यापाशीं तशी युक्ति नव्हती. जलपर्णीचें पोतें त्याच दिवशीं महानगरपालिकेच्या कचरागाडींत गेलें. पुढें त्यांनीं घरामागच्या पडीक सिमेंटच्या टांकींत अझोला लावला. त्यांचा खाद्याचा खर्च फारसा उतरलेला नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु कोंबड्या निरोगी आहेत आणि गडद बलकाच्या अंड्यांना आमच्या गल्लींत मागणी वाढली आहे. समोरच्या इमारतींतील एक बाई आपल्या दोन वर्षांच्या मुलासाठीं रोज त्यांच्याकडून अंडें नेतात. वहिनी तें अंडें पदरानें पुसून त्यांच्या हातीं देतात, आणि त्या वेळीं त्यांच्या मनांत कसलाहि संशय नसतो.

शहरांतील ज्या श्रोत्यांना परसूं नाहीं, त्यांनींहि अंडीं घेतांना विकणाऱ्याला एवढें अवश्य विचारावें, "तुमच्या कोंबड्या काय खातात, आणि तें कोठल्या पाण्यांत वाढतें?" हा प्रश्न विचारणारें गिऱ्हाईक असलें म्हणजे त्याचें चांगलें उत्तर देतां येईल असा विक्रेताहि तयार होतो.