आजीचं 'दोन' आणि सिस्टरांचं 'सात'

रत्नागिरीहून पुन्हा एकदा तुमच्या कानात. आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज आजीबद्दल बोलायचंय.

आजीला कॅन्सर होता. मुंबईतले उपचार थांबले, ती घरी आली आणि पॅलिएटिव्ह केअर सुरू झाली. म्हणजे आजार बरा करायला नाही, त्रास कमी करायला. मी वर्क फ्रॉम होम. इंजिनिअर माणूस, लगेच एक शीट बनवलं. रोज सकाळी विचारायचो, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. आज किती गं?" आजी म्हणायची, "दोन." नऊ दिवस दोन. मस्त सरळ रेष. मी खूश, आणि ते शीट रोज डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप करत होतो.

दहाव्या दिवशी घरी येणाऱ्या सिस्टरांनी मला पाणी आणायला आत पाठवलं. परत आलो तर त्यांच्या वहीत सात! "तुला टेन्शन नको म्हणून दोन सांगतात त्या," सिस्टर म्हणाल्या.

औषधाचा डोस त्या आकड्यावर ठरत होता, मंडळी.

मग मी वाचायला लागलो. ताप थर्मामीटरने कळतो, दुखण्याला तसं यंत्र नाही. त्यामुळे या क्षेत्रात संशोधन करायचं तर मोजमाप म्हणजे शेवटी माणसाला विचारणं. आणि विचारायचं कसं, हे शास्त्र बरंचसं मानसशास्त्राकडून आलंय. रोनाल्ड मेलझॅक नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात ७८ शब्द आहेत, २० गटांत. किती दुखतंय एवढंच नाही, कसं दुखतंय तेही विचारायचं. आपल्याकडे तर शब्दांची चंगळ आहे: ठणका, कळ, चमक, सल, रग, झिणझिण्या. आजी आकड्यापाशी अडखळायची, पण "हाडात ठणकतंय" आणि "आग आग होत्ये" यातला फरक तिला पक्का ठाऊक. आणि तो फरक कामाचा असतो. आग, झिणझिण्या म्हटलं की डॉक्टर नसेच्या दुखण्याचा विचार करतात आणि त्याची औषधं वेगळी असतात.

आता भाषेची गंमत. युरोपात तयार झालेली क्यूएलक्यू-सी३० ही कॅन्सर रुग्णांसाठीची ३० प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिची हिंदी आणि मराठी रूपं मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर तपासली. तो अभ्यास २००५ मध्ये छापून आला. तिचा पहिलाच प्रश्न जड पिशवी किंवा सुटकेस उचलताना त्रास होतो का, असा आहे. आमच्या आजीने जन्मात सुटकेस उचलली नाही, विहिरीवरून कळशा मात्र आणल्या. म्हणून नुसतं भाषांतर पुरत नाही. भाषांतर दुसऱ्याकडून परत मूळ भाषेत करून घ्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचं, ही पद्धत रिचर्ड ब्रिसलिन या मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये नीट मांडली. वर थोड्या रुग्णांना विचारायचं, "या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?" आपल्या भाषेत युजर टेस्टिंगच की!

आणखी एक घोळ आहे. माणूस आजाराशी जुळवून घेतो तशी त्याची पट्टीच सरकते. मार्चमधलं पाच आणि जूनमधलं पाच एकच असेल असं नाही. मग उपचाराने फरक पडला की पट्टी सरकली? मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे शेवटी शेवटी रुग्ण उत्तरच देऊ शकत नाही. जे बोलू शकतात त्यांचीच सरासरी काढली तर सगळं छान चाललंय असं दिसतं. कोडवाल्यांनो, नल म्हणजे शून्य नव्हे! घरच्यांना विचारावं, तर उलटी, दम लागणं हे त्यांना दिसतं, पण मनातली भीती नीट ओळखता येत नाही. माझ्यासारखा रोज उशाशी बसणाराही नऊ दिवस फसला.

त्यानंतर शीटमध्ये दोन रकाने वाढवले. एक 'कोणी विचारलं', दुसरा 'खोलीत कोण होतं'. विचारायचं काम सिस्टरांकडे दिलं, मी अंगणात जाऊन उभा राहायचो. डोस वाढला. तिसऱ्या रात्री आजी सलग झोपली, आणि सकाळी उठून पहिलं काय विचारलं असेल? "चहा टाकलास का रे?"

ते शीट अजून ड्राइव्हवर आहे. शेवटच्या आठवड्याचे रकाने रिकामे आहेत, ते तसेच ठेवलेत.