आपोआप उगवलेला झेंडू दसऱ्याला चालेल का?

मृगाचा पाऊस पडला की आम्हाला गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "ताई, गेल्या दसऱ्याची तोरणं उकिरड्यावर टाकली होती. तिथे झेंडूची रोपं दाट उगवलीत. तीच शेतात लावली तर विकतच्या रोपांचे पैसे वाचतील ना?" गटातून कर्ज काढून फुलं लावणाऱ्या बाईसाठी हा प्रश्न लहान नाही.

झेंडू, झिनिया, कॉसमॉस ही सगळी मूळची मेक्सिकोकडची हंगामी फुलझाडं. ऊब त्यांना मानवते, हिमकडा सोसत नाही. इंग्लंडसारख्या थंड देशात पहिल्या कडाक्यालाच झाड मरतं. खाली पडलेलं बी ओल्या गार मातीत पुष्कळदा कुजतं. त्यातून वाचलेलं उगवतं, पण जमीन तापल्यावर, उशिरा. म्हणून तिकडे मार्च-एप्रिलमध्ये घरात रोपं करतात आणि थंडी सरल्यावर बाहेर लावतात.

आपल्याकडे ती अडचण नाही. पडलेलं बी उन्हाळाभर कोरडं राहतं आणि पाऊस पडला की उगवतं. तेव्हा उगवण्याची काळजी नको. फूल कसं येणार आणि कधी येणार, एवढंच बघायचं.

आधी कसं ते बघू. बाजारातली बरीच टपोरी फुलं संकरित वाणाची असतात. त्यांच्या बियांपासून आईसारखंच झाड येईल असं नसतं. एक उंच, एक बुटकं, एक गेंदेदार, एक विरळ पाकळ्यांचं. घरच्या तोरणाला ते चालतं. बाजारात मात्र एकसारख्या मालालाच भाव मिळतो.

आता कधी ते. झेंडूची रोपं साधारण पंचवीस-तीस दिवसांत लावणीला येतात आणि लावणीनंतर दीड-दोन महिन्यांत फुलं सुरू होतात. मृगात उगवलेलं झाड गणपतीच्या आसपासच फुलू लागतं. दसरा तर दरवर्षी सरकतो. २०१७ साली तो ३० सप्टेंबरला होता, २०२० साली २५ ऑक्टोबरला. म्हणून आधी कॅलेंडर बघायचं, दसऱ्यापासून नव्वद दिवस मागे मोजायचे आणि त्या सुमाराला बी टाकायचं.

मग घरचं बी धरायचंच नाही का? धरायचं, पण सरळ वाणाचं. पुसा नारंगी गेंदा, पुसा बसंती गेंदा हे असे वाण आहेत. त्यांना फुलायला संकरितपेक्षा जास्त दिवस लागतात, ते हिशेबात धरा. शेजारी दुसरा झेंडू नको. मधमाश्या परागकण इकडचे तिकडे नेतात आणि बी मिसळतं.

फुलं ऐन भरात असतानाच चांगल्या, निरोगी झाडांना दोरा बांधून ठेवा. त्यांची फुलं तोडू नका. फूल झाडावरच वाळून तपकिरी झालं की कोरड्या दिवशी, दव उडाल्यावर खुडा. सावलीत वाळवा. भरलेलं बी काळं आणि ताठ असतं, पोचट बी बोटात वाकतं. कागदी पुडीत भरून वाणाचं नाव आणि तारीख लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलं बी कोंडू नका. पुढच्याच हंगामात वापरा, जुनं होईल तशी उगवण घटते.

पेरण्याआधी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवा. पंधरा-सोळा उगवल्या तर बी चांगलं. आठ-दहाच उगवल्या तर दुप्पट टाकावं लागेल. पाचाच्या आत असतील तर ते बी सोडून द्या.

आणि उकिरड्यावरच्या त्या रोपांचं काय? उपटून फेकू नका. परसबागेत, भाजीच्या कडेला लावा. गौरी-गणपतीला घरची फुलं होतील. पण कर्ज ज्या पिकावर फेडायचं, ते पीक अशा रोपांवर सोडू नका. तिथे खात्रीचं संकरित रोप विकत घ्या, नाहीतर निवडून राखलेलं सरळ वाणाचं बी वापरा.

गटात एक काम या हंगामात करता येईल. एकीने नारंगी धरावा, दुसरीने वस्तीच्या दुसऱ्या टोकाला पिवळा धरावा, आणि पुढच्या मृगाच्या बैठकीत पुड्यांची अदलाबदल करावी. बचतीच्या वहीत बियाण्याचंही एक पान असू द्या.