दुभाषाविना बाजार



रायगडच्या किनाऱ्याला परभाषेची धास्ती कधीच नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात आलेले ‘सेमिल्ला’ म्हणजे आपले चौल, असे अभ्यासक मानतात. १७७७ साली सँ-ल्युबँ हा फ्रेंच मनुष्य याच बंदरात उतरून पुणे दरबारी गेला. १७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली. पण पोर्तुगीजपासून घडलेली बोली कोर्लईत टिकून राहिली. अशा किनाऱ्यावर दुभाषाविना सौदा होत नसे.

आज बाजार पडद्यावर भरतो आणि दुभाषाचीच तेवढी काटकसर होते. युरोपातले उदाहरण घ्या. फ्रेंच दुकानाला ग्रीसमध्ये माल विकायचा आहे. फ्रेंचमधून थेट ग्रीकमध्ये अनुवाद करणारी माणसे आहेत. कॉर्फूच्या आयोनियन विद्यापीठात ही विद्या शिकवली जाते. तरीही मजकूर पुष्कळदा इंग्रजीच्या वळशाने नेला जातो, कारण तो मार्ग स्वस्त पडतो. फ्रेंच आणि ग्रीक या दोन्ही भाषांत आपल्यासारखाच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा भेद आहे. इंग्रजीच्या एकाच ‘यू’मध्ये तो बुडतो आणि ग्राहकाशी अदबीने बोलावे की सलगीने, हे पुढे केवळ तर्काने ठरते.

हाच वळसा आपल्याही वाट्याला येतो. पेणच्या मूर्तिकाराने लिहिलेला ‘शाडू’ इंग्रजीत नुसती ‘माती’ होतो आणि तेथून कानडीत वा गुजरातीत जाताना त्याचे वैशिष्ट्य हरवते. मोल मात्र त्या वैशिष्ट्याचेच असते.

यंत्र अनुवाद करते, मग माणूस कशाला, असे विचारले जाईल. यंत्राने श्रम अवश्य हलके करावेत. परंतु माल परत करण्याची अट चुकीची उतरली, तर भुर्दंड यंत्राला पडत नाही. तो गावातल्या ग्राहकाला पडतो. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय मान्य केला. खरेदीच्या अटींनाही हेच तत्त्व का लागू नसावे?

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. विक्रीच्या अटी मराठीत मिळाल्या पाहिजेत. अनुवादकाला रास्त मोबदला आणि त्याच्या कामाखाली त्याचे नाव मिळाले पाहिजे. हे काम दलालांच्या हाती न सोडता, मराठीतून थेट कानडी, गुजराती वा फ्रेंचमध्ये अनुवाद करणाऱ्या तरुणांनी आपली सहकारी संस्था उभारावी. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे अवघड नाही. ज्या बाजारात ग्राहकाला सौद्याची भाषाच कळत नाही, त्या बाजारातील त्याची संमती ही खरी संमती नव्हे.