अकोल्याचं ऊन कुठवर जातं?



मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला, की वऱ्हाडातल्या माणसाला चिखलदरा आठवतो. परतवाडा सोडून घाट चढावा, तसा उकाडा कमी होत जातो. आता असं पाहा, वर गेलो म्हणजे आपण सूर्याच्या जवळच गेलो. मग गारवा कसा? कारण हवा तापते ती मुख्यतः खालून. ऊन जमीन तापवतं आणि जमीन हवेला. अकोल्याची उंची सुमारे 280 मीटर, चिखलदऱ्याची 1,100. वर जाताना दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात. एवढ्या चढात पाच-सहा अंश सहज गेले.

वर जाताना हवा अशी गार होत जाते, तो वातावरणाचा सर्वांत खालचा थर म्हणजे तपांबर. आपल्या डोक्यावर तो सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत आहे आणि त्याच्या माथ्यावर उणे 75 अंशांच्या आसपास थंडी असते. पाऊस, विजा, मोर्शी-वरुडच्या संत्राबागा झोडपणाऱ्या गारा, सगळं इथलंच. गारपिटीचा मोठा ढग वर चढता चढता एकदम सपाट पसरतो, ती तपांबराची हद्द.

त्यावर स्थितांबर. इथला ओझोन अतिनील किरण शोषतो, म्हणून हवा वरच्या बाजूनं तापते. 50 किलोमीटरवर पारा पुन्हा शून्याजवळ येतो. वर उबदार आणि खाली गार, म्हणून खालची हवा उसळत नाही. ढग अडतो तो यामुळे.

पुढच्या मध्यांबरात ओझोन फारसा उरत नाही; 85 किलोमीटरवर उणे 90 अंश! तरी बहुतेक उल्का पेटतात त्या याच सुमारास. त्यांना जाळतो तो त्यांचाच वेग. पुढची हवा दाबली जाऊन तापते. 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून असेच जळते तुकडे सरकत गेले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं अभ्यासकांचं अनुमान. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं पडलं.

त्याहीवर उष्मांबर. तापमान हजार अंशांपर्यंत जातं, पण हवा इतकी विरळ, की अंगाला चटका बसणार नाही. सूर्यकिरण इथल्या कणांना विद्युतभारित करतात आणि रेडिओच्या मध्यम लहरी त्यावरून परततात. दिवसा खालचा भारित पट्टा त्यांना वाटेतच गिळतो. सूर्य मावळला, की हा पट्टा विरतो. म्हणूनच मीडियम वेव्हवर दूरची स्टेशनं रात्री लागतात.