दुकान कधी उघडायचं, हे कुणाला विचारलं?

(एप्रिल २०२२ मध्ये सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



गेल्या शनिवारी पाडवा झाला. १ एप्रिलपासून राज्य सरकारनं कोरोनाचे सगळे निर्बंध उठवलेत, मास्कसुद्धा आता ज्याच्या त्याच्या मर्जीवर. मी सकाळी गुढी उभारली, दुकानाचं शटर वर केलं, ते रात्री नऊलाच खाली घेतलं. कुणी शिट्टी वाजवली नाही, की गाडी थांबवून "किती वाजले, मावशी?" असं विचारलं नाही. दोन वर्षांनी असा पाडवा मिळाला.

माझं बाजारपेठेत बांगड्यांचं आणि कटलरीचं लहानसं दुकान आहे. घरात आम्ही दोघी जावा. मी थोरली, दुकान बघते. धाकटी आशा सेविका आहे. एका घरात, एका चुलीवर जेवणाऱ्या आम्ही दोघी. पण लॉकडाऊन कधी उठवायचा यावरून आमचं जे भांडण झालं, ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. आज मी त्या भांडणाबद्दलच बोलणार आहे. तिला विचारून आलेय. ती म्हणाली, "सांगा अक्का, पण माझी बाजू नीट सांगा."

तर गोष्ट गेल्या वर्षीची, एप्रिल २०२१ ची. ५ तारखेच्या रात्री आठपासून निर्बंध लागले. आम्हाला वाटलं होतं शनिवार-रविवार बंद राहील. आदेश हातात आला तर अत्यावश्यक सोडून सगळीच दुकानं रोज बंद. पाडवा १३ तारखेला, पुढं लगीनसराई. मी फेब्रुवारीतच माल भरून ठेवला होता. हिरवा चुडा, सव्वादोनच्या, अडीचच्या पेट्याच्या पेट्या, सगळं उधारीवर. नंतर किराणा दुकानंसुद्धा सकाळी सात ते अकराच राहिली, आणि लग्नाला पंचवीस माणसं, तेही दोन तासांत उरकायचं. पंचवीस माणसांच्या लग्नात चुडा भरायला किती बायका बसणार, सांगा.

बांगडी अत्यावश्यक नाही, हे मलाही कळतं. बांगडीवाचून कुणाचा जीव जात नाही. पण आमच्या घरातलं तेल-मीठ त्या बांगडीवरच येतं. सरकारनं तेव्हा ५४७६ कोटींची मदत जाहीर केली. परवानाधारक रिक्षावाले, नोंदणी झालेले फेरीवाले, बांधकाम कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, यांना १५०० रुपये. चांगलंच केलं. पण माझ्यासारख्या दुकानदाराचं नाव त्या यादीत नव्हतं. आणि आठवडी बाजारात पोतं अंथरून भाजी विकणाऱ्या आमच्या बाया, त्यांची नोंदणी कुणी केली होती? त्यांना कुठून मिळणार?

आता जावेची बाजू. ती रोज सकाळी नऊला बाहेर पडायची. एका हातात तापमापी, दुसऱ्या हातात बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र. घरोघर जायचं, कुणाला खोकला, कुणाला ताप, वहीत लिहायचं. काही घरांतून तिला शिव्या मिळायच्या, "तू आलीस की आम्हाला नेतात" म्हणून. दुपारी परत आली की अंगणातच गरम पाण्यानं अंघोळ. स्वतःच्या लेकराला जवळ घ्यायची नाही.

एप्रिलच्या अखेरीस आमच्या मागच्या आळीतल्या एका बाईचं ऑक्सिजन ८४ आलं. जावेनं जीप मिळवली, सोबत बसली. तीन ठिकाणी खाट नाही म्हणाले. चौथ्या ठिकाणी मध्यरात्री जागा मिळाली. पाचव्या दिवशी निरोप आला. घरच्यांना तोंडसुद्धा नीट बघता आलं नाही.

मला हे माहीत होतं. तरी मे महिन्यात बाजारपेठेतले दुकानदार दुकानं उघडू द्या म्हणून निवेदन द्यायला निघाले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. रात्री जेवताना जाऊ म्हणाली, "तुम्ही गेला होतात म्हणे?" मी म्हटलं, "गेले होते. तुला महिन्याला मानधन येतं, तुला उधारीचं काय कळणार?"

ती ताटावरून उठली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "दुकान परत उघडता येतं, अक्का."

त्यानंतर आठ-दहा दिवस आम्ही बोललो नाही. आमच्या आत्याबाई मधे. "तिला सांगा भात झालाय," "तिला सांगा दूध उतू चाललंय." शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "मी काय पोस्टमन आहे का गं?"

मैत्रिणींनो, हे भांडण आमच्याच घरातलं नव्हतं. सगळ्या राज्यात चाललं होतं, आणि २०२० पासूनच. त्या मे महिन्यात दारूची दुकानं उघडली, रांगा लागल्या, तेव्हा बायका विचारत होत्या, हे आधी का? ऑगस्टमध्ये विठ्ठलाचं मंदिर उघडा म्हणून पंढरपुरात आंदोलन झालं. राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांची मंदिरांवरून पत्रापत्री झाली. मंदिरं उघडली ती दिवाळीच्या पाडव्याला. मुंबईत लोकलमध्ये बायकांना ऑक्टोबरात परवानगी मिळाली, तीही अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. कामावर नऊला पोचायचं असेल तर तिनं काय करायचं? ज्याचं जे दार बंद, त्याला तेच आधी उघडावंसं वाटतं. आणि ज्यानं मरण जवळून पाहिलं, त्याला एकही दार उघडू नये असं वाटतं. दोघांनाही मी आज खोटं म्हणणार नाही.

आमचा अबोला कसा सुटला, ते सांगते. ३ जूनला दुपारी टीव्हीवर मंत्र्यांनी जाहीर केलं, पाच टप्प्यांत अनलॉक, उद्यापासून. आपला जिल्हा कुठल्या टप्प्यात, हे नीट ऐकूनही न घेता मी किल्ली घेतली आणि दुकान झाडायला गेले. दोन महिन्यांची धूळ. पेट्या पुसल्या, आरसा पुसला. घरी येते तर बातम्यांत दुसरंच, प्रस्ताव अजून विचाराधीन आहे, निर्णय झालेला नाही. मी उंबऱ्यावर बसून रडले. जावेनं पाणी आणून दिलं आणि शेजारी बसली.

नंतर खरा आदेश आला, ७ जूनपासूनचा. जावेनं मला तो समजावून सांगितला. दोन आकडे बघायचे. शंभर तपासण्यांत किती बाधित निघाले, हा एक. ऑक्सिजनच्या शंभर खाटांपैकी किती भरल्या, हा दुसरा. पहिला पाचाच्या आत आणि दुसरा पंचवीसच्या आत असेल तर सगळं उघडं. पहिला विसाच्या वर आणि दुसरा पंचाहत्तरच्या वर, तर जवळजवळ सगळं बंद. ती म्हणाली, "हा दुसरा आकडा आहे ना अक्का, तो म्हणजे आमची त्या रात्रीची जीप." तेव्हा मला तो आकडा कळला.

पण मग मीही तिला एक गोष्ट दाखवली. जूनच्या शेवटी सगळीकडे किमान तिसरा टप्पा लावला, म्हणजे दुकानं चारपर्यंत. ऑगस्टच्या ३ तारखेला २२ जिल्ह्यांत दुकानं रात्री आठपर्यंत झाली, आणि ११ जिल्हे मागं राहिले. त्यात आपला सातारा, शेजारचे सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूर. आपल्याकडं चारलाच शटर खाली. मी जावेला म्हटलं, "एक दिवस दुपारी दुकानात येऊन बस." ती आली. माझी गिऱ्हाईकं कोण? शेतात रोजानं जाणाऱ्या बाया. त्यांची सुट्टी पाचला होते. चारला दुकान बंद होणार म्हणून त्या अर्धा रोज सोडून तीन वाजता यायच्या, सगळ्या एकदम. दहा बाय दहाच्या गाळ्यात पंधरा बायका, हात पुढं करून उभ्या. जाऊ बघतच राहिली. म्हणाली, "ही तर गर्दी करायचीच वेळ ठरवलीय."

मग आम्ही दोघींनी मिळून अर्ज लिहिला. दुकान तेवढेच तास उघडं ठेवू, पण दुपारी बंद आणि संध्याकाळी चालू असं करू द्या. एका वेळी दोन बायका, बांगड्या आत न भरता बाहेर ओट्यावर. खाली दोघींच्या सह्या, एक दुकानदार, एक आशा. ग्रामपंचायतीनं अर्ज ठेवून घेतला आणि सांगितलं, वेळा वरून ठरतात. त्यांचंही खोटं नव्हतं. १५ ऑगस्टपासून रात्री दहापर्यंत मुभा मिळाली आणि आमचा अर्ज तसाच कपाटात राहिला.

मधल्या काळात, १५ जूनपासून राज्यातल्या आशा संपावर गेल्या होत्या. तेव्हा मला कळलं, "तुला मानधन येतं" असं मी जे बोलले होते, ते मानधन किती थोडं होतं आणि किती उशिरा यायचं. दरमहा हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता कबूल झाल्यावर संप मिटला. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मीपण बोलले की."

आता मुलांच्या शाळेचं. आमच्या घरात शिकणारी तीन मुलं आणि एक मोबाईल. जुलै २०२१ मध्ये जिथं महिनाभर रुग्ण नाही अशा गावांत आठवी ते बारावीच्या शाळा उघडायला परवानगी मिळाली. पालकांशी बोलून, ग्रामपंचायतीचा ठराव करून. मला ती रीत आवडली. गावाला विचारलं होतं. पुढं ऑगस्टमध्ये १७ तारखेपासून शाळा उघडायचा आदेश निघाला, डॉक्टरांच्या कृती दलानं विरोध केला, आदेश थांबला. शाळा भरल्या ४ ऑक्टोबरला. यंदा जानेवारीत पुन्हा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद जाहीर झाल्या. तेव्हा पालकच बोलले, बाजार भरतो, मग शाळा का नको? मग २४ तारखेपासून तिथली तिथं परिस्थिती बघून ठरवा असं झालं. आई-बाप बोलले म्हणून हे झालं, हे विसरू नका.

मी शिकले ते एवढंच. कधी उघडायचं याचं एकच बरोबर उत्तर कुणाकडं नव्हतं, डॉक्टरांकडं नाही आणि दुकानदारांकडंही नाही. पण ज्यांचं पोट त्यावर आणि ज्यांचा जीव त्यावर, त्यांना एकत्र बसवून विचारलं असतं तर चार वाजताची वेळ कुणी लिहिली नसती. तो आदेश लिहिणाऱ्याला वाईट करायचं नव्हतं. त्याला फक्त माहीत नव्हतं की बाई शेतातून पाचला येते.

उद्या पुन्हा साथ येईल, पूर येईल, काहीही येईल. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, कायद्यानंच. बऱ्याच गावांत ती कागदावर होते आणि सह्या नंतर घरी येतात. तुम्ही जाऊन बसा. तीन गोष्टी विचारा. बंद ठेवायचं तर त्या दिवसांत कुणाचं घर कशावर चालणार, ती यादी आहे का? उघडायचं तर कुठल्या वेळेला, आणि ती वेळ कुणाला विचारून ठरवली? दारोदार कुणाला पाठवणार, आणि तिला काय देणार? हे प्रश्न संकट आल्यावर विचारायला वेळ नसतो. ते आज विचारायचे.

आमचा तो अर्ज मी परत मागून आणलाय. दोघींच्या सह्यांचा. दुकानात आरशामागं ठेवलाय. येत्या सभेला घेऊन जाणार आहे. जाऊ म्हणाली, "मीपण येते, अक्का."

तुमच्या गावची सभा कधी आहे, ते एकदा बघून ठेवा.