स्क्रीन बिघडली म्हणून हिशोब जात नाही

आम्ही धावड्याहून बोलतोय, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. आम्ही बचत गटातल्या बायका. कंप्युटर शिकवायला आम्ही काही मास्तरीणबाई नाही. पण आमच्यावर जे बेतलं आणि त्यातून जे कळलं, ते तुमच्या कामी यावं म्हणून आज बोलतोय.

आमच्या गटाचा हिशोब आधी वहीत असायचा. पुढे आमच्यातल्या एकीच्या घरी पोराच्या शिक्षणासाठी घेतलेला कंप्युटर होता, त्यावर लिहायला लागलो. तिच्या सुनेनं एमएससीआयटी केलेली. महिन्याची बचत, कुणी किती कर्ज उचललं, किती फेडलं, सगळं ती त्यात भरायची. हळूहळू वही मागं पडली. तिथंच आमचं चुकलं.

मार्च महिना. बँकेत कागद द्यायला दोन दिवस राहिले आणि स्क्रीन पिवळी पडली. शिवाय मध्येच कंप्युटर हँग व्हायचा. माउस हलेना, बटण दाबून काही होईना. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं बघितलं न बघितलं आणि सांगितलं, "सगळं उडवून नवीन टाकावं लागंल. आतलं काही राहणार नाही."

आमच्या तोंडचं पाणी पळालं. तीन वर्षांचा हिशोब! आणि गटाचं तुम्हाला माहीत आहे. पैशावरून एकदा का शंका शिरली, की बायका एकमेकींच्या दारात जाणं बंद करतात.

सून म्हणाली, "आत्याबाई, विहिरीवरची मोटार बंद पडली तर आपण लगेच नवी मोटार आणतो का? आधी लाइट बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग वायर. तसंच इथंही बघू."

दुरुस्तीवाल्याला "उद्या सांगतो" म्हणून परत पाठवलं आणि बघायला बसलो.

पहिली गोष्ट आम्हाला तेव्हा कळली. स्क्रीन म्हणजे नुसता आरसा आहे. हिशोब स्क्रीनमध्ये नसतो, तो सीपीयूच्या डब्यात हार्ड डिस्कवर असतो. आरसा तडकला म्हणून तोंड तडकत नाही. स्क्रीन बिघडली तरी हिशोब जागेवर असतो. अगदी कंप्युटर चालूच झाला नाही, तरी ती डिस्क धड असेल तर काढून दुसऱ्या कंप्युटरला जोडता येते आणि फाइली काढता येतात.

आता बघायचं कसं, ते क्रमानं सांगतो.

आधी केबल. जुन्या स्क्रीनची केबल निळ्या तोंडाची असते, तिला दोन बाजूंनी दोन स्क्रू असतात. तिच्यातून लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळ्या तारांनी येतात. निळ्याची तार सुटली की स्क्रीन पिवळी दिसते, हिरव्याची सुटली की गुलाबी. आमची केबल झाडताना ओढली गेली होती. सगळं बंद करून ती नीट बसवली, स्क्रू हातानं आवळले आणि पिवळेपणा गेला! खर्च शून्य.

तुमच्या स्क्रीनवर पट्ट्या येत असतील तर असं करा. सीपीयू बंद ठेवा आणि नुसती स्क्रीन चालू करा. 'नो सिग्नल' असं काहीतरी येईल. त्यावरही पट्ट्या दिसल्या, तर दोष स्क्रीनचा. दुसऱ्या कुणाची स्क्रीन तासाभरासाठी आणून लावली तरी लगेच कळतं.

आणखी एक युक्ती आहे. 'प्रिंट स्क्रीन'चं बटण दाबून स्क्रीनचा फोटो घ्या, तो पेंटमध्ये चिकटवून ठेवा आणि मोबाइलवर पाठवून बघा. मोबाइलवर तो फोटो स्वच्छ दिसला, तर बहुतेक वेळा केबल किंवा स्क्रीन दोषी. फोटोतच पट्ट्या असल्या, तर बिघाड कंप्युटरच्या आत आहे.

आता हँग झाल्यावर काय करायचं? पहिलं म्हणजे बटणं बडवू नका. पाच मिनिटं थांबा. जुना कंप्युटर कधी कधी आत काम करत असतो. मग 'कॅप्स लॉक' दाबा. त्याचा छोटा दिवा लागला-विझला, तर कंप्युटर जिवंत आहे, एखादाच प्रोग्राम अडकलाय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. यादी येईल. त्यात जो अडकलाय तो निवडून 'एंड टास्क' करा. त्यातलं सेव्ह न केलेलं जाईल, बाकी राहील.

स्क्रीन काळी पडली किंवा चित्र थिजलं, तर विंडोज दहा आणि अकरामध्ये विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबून बघा. क्षणभर अंधार होतो आणि चित्र नव्यानं येतं. उघडलेलं काम जात नाही.

कशानंच हललं नाही, तर शेवटचा उपाय म्हणून चालू-बंदचं बटण दहा सेकंद दाबून धरा. पण रोज उठून असं करू नका, आणि प्लग तर ओढूच नका. डिस्कवर काही लिहिणं चालू असताना वीज तोडली तर फाइल अर्धवट राहून खराब होते. लाइट सारखी ये-जा करते अशा घरी छोटा यूपीएस असलेला बरा. लाइट गेली तरी सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो.

आमचा कंप्युटर हँग का होत होता, ते ऐकून तुम्ही हसाल. कपाशी घरातच ठेवलेली, आणि कंप्युटर त्याच खोलीत. प्लग काढून सीपीयूचं झाकण उघडलं तर पंख्यावर रुईची गादी बसलेली! वर आम्हीच हौसेनं विणलेलं कव्हर, तेही चालू कंप्युटरवर. त्याला वारा लागायचा कुठून? आतलं तापलं की कंप्युटर आधी मंद होतो, मग अडकतो किंवा स्वतःहून बंद पडतो. आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे.

साफ करायचं तर प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशनं, पंखा बोटानं धरून. ओला कपडा नको. आणि ज्या पेटीत लाइटची वायर जाते, ती पेटी कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात करंट साठलेला असतो.

हे सगळं करूनही हँग होतच असेल, तर सी ड्राइव्ह भरलाय का बघा. लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडं हलवा. आणि डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला, तर कंप्युटर सारखा बंद-चालू करू नका. आधी हिशोबाची फाइल बाहेर काढा, नाहीतर जाणकाराकडं न्या.

दुरुस्तीवाल्याची गरज पडतेच, आणि चांगले दुरुस्तीवालेही आहेत. पण त्याला सांगायचं, "भाऊ, आधी आमच्या फाइली पेनड्राइव्हवर काढून द्या, मग हात लावा." नवीन सामान टाकलं तर जुनं परत मागायचं आणि बिल लिहून घ्यायचं. 'फॉरमॅट' हा शब्द कानावर आला की समजायचं, आतलं सगळं पुसणार. फाइली हातात आल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

आम्ही बँकेत कागद वेळेवर दिले. आता आमच्या गटात नियम केलाय. दर बैठकीला हिशोबाची फाइल दोन पेनड्राइव्हवर घ्यायची आणि ते दोन वेगळ्या घरी ठेवायचे. वहीही पुन्हा सुरू केली. ज्यांना कंप्युटर वाचता येत नाही, त्यांना आपल्या नावापुढचा आकडा वहीत बघता येतो. ती सून आता बैठकीत एकेकीला खुर्चीवर बसवून केबल कुठली, पंखा कुठला, ते दाखवते. आमच्यातली सत्तरीतली काकू परवा म्हणाली, "अगं, हे तर मोटारीपेक्षा सोपं हाय."

मैत्रिणींनो, हे ऐकून झालं की एवढं एक करा. आपल्या गटाचा हिशोब दुसरीकडं कुठं उतरवलेला आहे का, ते आजच बघा. नसेल तर कंप्युटर चांगला चालतोय तोवरच उतरवून घ्या.