इंटर्नशिप: नोकरीच्या दाराआधीचं दार

(जयपूरमध्ये शिकणाऱ्या आणि इंटर्नशिपसाठी आलेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या बैठकीतील भाषण)



जयपूर म्हटलं की आपल्या लोकांना आधी उच्च न्यायालयाच्या आवारातला मनूचा पुतळा आठवतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये औरंगाबादहून आलेल्या दोन महिलांनी त्याला काळं फासलं. ती बातमी मी घरी बसून पाहिली. त्याच वर्षी मी याच शहरातली इंटर्नशिप अर्धवट सोडून परत गेले होते. मनात आलं, हा मनू निदान दिसतो तरी. मला जो भेटला, तो कुठल्या चौथऱ्यावर उभा नव्हता. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

माझे बाबा एसटीच्या डेपोत हेल्पर, आई दुसऱ्याच्या शेतात रोजाने. मराठवाड्यातल्या एका खाजगी कॉलेजात मी आयटीला होते. शेवटच्या सत्रात इंटर्नशिप करा, असं कॉलेजने सांगितलं. कुठे आणि कशी, ते सांगितलं नाही. ज्यांचे मामा-काका पुण्यातल्या कंपन्यांत होते, ते पंधरा दिवसांत पुण्याला गेले. मी ऑनलाइन अर्ज करत राहिले आणि जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या एका छोट्या कंपनीने बोलावलं. सहा महिने. पहिले तीन महिने बिनपगारी, पुढे दरमहा ८,००० रुपये. काम चांगलं झालं तर कायम नोकरी.

आईने बचत गटातून २०,००० उचलले. प्रतापनगरमधल्या खोलीचं भाडं ४,५००, डब्याचे २,५००, बसला ८०० रुपये. हिशेब तुम्हीच करा. अडीच महिने जेमतेम निघणार होते आणि स्टायपेंड तीन महिन्यांनंतर सुरू होणार होता.

घरमालकिणीने नाव विचारलं. मी म्हटलं, गायकवाड. त्या खूश झाल्या. "गायकवाड? बड़ौदा वाले महाराजा?" मी हसले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आपल्याकडे आडनाव आणि गाव सांगितलं की समोरच्याला पुढचं कळतं. इथे आपली आडनावं लोकांना वाचता येत नाहीत. त्या न वाचता येण्याचा मी फायदा घेतला. ही कबुली आज पहिल्यांदा चारचौघांत देते आहे.

दोन महिने बरे गेले. मग एक दिवस गिझर बघायला त्या खोलीत आल्या आणि फळीवरचा बाबासाहेबांचा फोटो त्यांना दिसला. काही बोलल्या नाहीत. आठवड्याने निरोप आला, "बेटी, हमारे रिश्तेदार आ रहे हैं, कमरा खाली कर दो." नव्या खोलीला डिपॉझिट लागणार होतं. ऑफिसात मी स्टायपेंडमधून थोडी उचल मागितली. मॅनेजर म्हणाले, "इंटर्नला उचल कशी मिळेल? आणि तुझ्यात कमिटमेंट दिसत नाही." दहाव्या आठवड्यात मी गाडीत बसले. प्रमाणपत्रही मिळालं नाही.

माझ्यासोबतच्या तिघांना पुढे कायम नोकरी मिळाली. त्यांतली एक मुलगी इथे मावशीकडे राहायची. तिच्यावर माझा राग नाही, ती खरंच मेहनती होती. पण आम्हा दोघींच्या कामात फरक नव्हता. तिला मावशी होती आणि मला खोली सोडावी लागली, फरक तेवढाच होता.

घरी मी खरं कारण सांगितलं नाही. "मला जमलं नाही" एवढंच म्हटलं. आई वर्षभर बचत गटाचे हप्ते फेडत राहिली आणि पोरगी कामात कमी पडली असं समजत राहिली. मलाही तसंच वाटत होतं.

पुढे समाजशास्त्राला प्रवेश घेतला आणि 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नीट वाचलं. १९१७ मध्ये बाबासाहेब परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानात नोकरीला आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. शेवटी बडोदा सोडावं लागलं. शंभर वर्षांनी, बडोद्याच्याच राजाच्या आडनावाआड लपून मी जयपुरात राहिले आणि तशीच बाहेर पडले. माझी बाबासाहेबांशी तुलना नाही. पण राहायला जागा नसली की हातातलं कामही जातं, हे मला तिथे कळलं.

सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तुम्ही जरूर वाचा. त्यांनी खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावं वेगळी. दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश निघाली. त्याच काळात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या एचआर मॅनेजरांच्या मुलाखती घेतल्या. उमेदवाराची 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारण्यात अनेकांना काहीच गैर वाटत नव्हतं.

आता विचार करा, नोकरीला निदान जाहिरात असते. इंटर्नशिपला पुष्कळदा तीही नसते. ती ओळखीतून मिळते आणि घरच्या पैशावर टिकते. मग कंपनी म्हणते, आम्ही जात बघत नाही, आम्ही आमच्याच इंटर्नमधून चांगली मुलं घेतो. खरंच, त्या टप्प्यावर जात बघायची गरजच उरलेली नसते. गाळणी आधीच लागलेली असते.

कायदा काय म्हणतो? शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअरही त्यात आले. त्याच्या कलम ३अ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव आहेत, ३ब मध्ये ओबीसींसाठी. हे खाजगी कंपनीलाही लागू आहे. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही असं आपण सरसकट म्हणतो, पण प्रशिक्षणाच्या जागांपुरती तरतूद पुस्तकात आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराला दरमहा किमान ९,००० रुपये ठरवले आणि ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक केलं.

पण तेच काम, त्याच टेबलावर, 'इंटर्न' या नावाने केलं की यातलं काहीही लागू होत नाही. किमान पैसे नाहीत, राखीव जागा नाहीत. एका शब्दाने कंपनी सगळ्यातून मोकळी होते. दुसरीकडे एआयसीटीईने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक दिले. म्हणजे पदवीसाठी ती हवी, खर्च मात्र ज्याचा त्याने बघायचा. २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली, दरमहा ५,००० रुपयांची. पण पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी तेव्हा तिला पात्र नव्हता. शेवटच्या सत्रातली माझ्यासारखी मुलगी तिथेही बाहेरच.

म्हणून आपली मागणी साधी असावी. ज्या इंटर्नशिपला पदवीचे श्रेयांक आहेत, तिला किमान स्टायपेंड आणि कलम ३अ, ३ब सारख्या राखीव जागा असल्याच पाहिजेत. आणि कोणत्या कंपनीत कोण गेलं, ही यादी कॉलेजने फलकावर लावली पाहिजे.

तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. मुदत, पैसे, कामाचे तास आणि प्रमाणपत्र, सगळं जाण्याआधी लेखी घ्या. जी कंपनी 'ट्रेनिंग फी' मागते, ती इंटर्नशिप देत नाही, क्लास विकते. भाड्याचा हिशेब आधी मांडा आणि तो कॉलेजच्या एससी-एसटी कक्षापुढे लेखी ठेवा. पदवी झाल्यावर एनएटीएसवर नोंदणी करा. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या प्रशिक्षण मंडळाकडे आहे, राजस्थानचं कानपूरच्या. आणि जे आधी आत पोचलेत त्यांनी मागच्यांना जागा कळवायची, रेफरल द्यायचा. त्यांच्याकडे मामा-मावशा आहेत. आपल्याकडे आपण आहोत.

शेवटचं सांगते. पीएच.डी.च्या कामासाठी मी पुन्हा जयपूरला आले, तेव्हा खोली बघताना आधीच सांगायचं ठरवलं, "हम बाबासाहेब को मानने वाले हैं, फोटो लगाएंगे." तीन ठिकाणी खोली 'आत्ताच गेली' होती. चौथ्या ठिकाणी मिळाली. येण्याआधी आईलाही सगळं खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतंस तर मी गटातून अजून पाच हजार उचलले असते."

खोलीत आणखी दोन मुलींच्या गाद्या मावतात. ज्यांना पुढच्या महिन्यात खोली सोडायला सांगितलं आहे, त्यांनी बैठक संपली की मला भेटा. कारण सांगायची गरज नाही.

जय भीम.